समाजमंदिराची चावी देण्याआधी एवढं वाचा: मराठवाड्यातल्या सरपंचांना खुलं पत्र

मराठवाड्यातल्या आठही जिल्ह्यांतल्या सरपंच, उपसरपंच आणि सदस्य मंडळींना,

रामराम.

मी बीड जिल्ह्यात माजलगाव तालुक्यात हायस्कूलला विज्ञान शिकवतो. हे पत्र तुम्हालाच कामून लिहायलोय ते आधी सांगतो. मागच्या महिन्यात आमच्या ग्रुपवर एक पत्रक आलं, शेजारच्या गावाच्या समाजमंदिरात "स्टेम सेल थेरपी मोफत तपासणी शिबिर", जन्मापासून अपंग असलेली लेकरं, सेरेब्रल पाल्सी, ऑटिझम, पाठीवर गाठ असलेली लेकरं, सगळ्यांना घेऊन या म्हणून, आणि खाली सरपंचांचा हात जोडलेला फोटो. त्या सरपंचांबद्दल माझ्या मनात काही वाकडं नाही. गावातल्या लेकरांचं भलं होईल म्हणूनच त्यांनी हॉल दिला असणार. पण ते पत्रक बघून मला त्या रात्री झोप लागली नाही, कारण पाच वर्षांपूर्वी अशाच एका शिबिरातून माझ्या बहिणीच्या घराची वाट लागली आणि तिथंही समाजमंदिरच होतं, चहा-पोहे होते, सरपंच होते, आणि मी स्वतः विज्ञानाचा मास्तर पहिल्या रांगेत बसलेलो होतो.

माझी भाची आता नऊ वर्षांची आहे. जन्मली तेव्हा तिच्या कमरेच्या वर मणक्यावर लिंबाएवढी पातळ कातडीची गाठ होती, डॉक्टरांनी मेनिंगोमायलोसील म्हणून लिहिलं, म्हणजे मणका मागून बंदच झाला नव्हता आणि मज्जारज्जू उघड्यावर होता. तिसऱ्या दिवशी ऑपरेशन झालं, नंतर डोक्यात पाणी साठायला लागलं म्हणून शंट, म्हणजे ते पाणी काढून टाकणारी नळी, बसवला. पोरगी वाचली. लै हुशार आहे, पाढे तिच्याएवढे पाठ तिच्या वर्गात कुणाचे नाहीत. पण गुडघ्याखाली पायात जीव नाही आणि लघवीचं कळत नाही, दर चार तासाला नळी घालून काढावी लागते. हे सगळं माझी बहीण शिकली, कोपीत राहून, फडावर असताना शिकली, कारण दाजी आणि ती ऊसतोडीला जातात.

पोरगी चार वर्षांची असताना ते शिबिर झालं. मोठ्या शहरातून आलेल्या माणसाने लॅपटॉपवर व्हिडिओ दाखवला, एक लेकरू आधी बसलेलं, मग चालायलेलं. म्हणाला तुमच्याच मुलीच्या कंबरेच्या हाडातून मगज काढायचा, त्यातल्या स्टेम सेल, म्हणजे ज्यातून दुसऱ्या पेशी तयार होतात त्या मूळ पेशी, वेगळ्या करायच्या आणि पाठीत सोडायच्या, स्वतःच्याच पेशी आहेत म्हणजे साईड इफेक्ट काही नाही, त्या जिथं नस खराब तिथं जाऊन नवी नस बनवतात. दाजींनी दीड एकर रान गहाण ठेवलं आणि मुकादमाकडून दोन वर्षांची उचल एकदम घेतली. तीन वेळा पोरीला नेलं, तीन वेळा भूल दिली, चार लाखाच्या वर गेले. पायात काही फरक नाही. तिसऱ्या वेळेला विचारलं तर म्हणाले अजून दोन डोस घ्या. ती उचल फेडायला ते दोघं अजून दरवर्षी दसऱ्यानंतर गाडीत बसतात.

त्यानंतर मी वाचायला लागलो. आधीच वाचलं असतं तर बरं झालं असतं, ही बोच मला कायमची आहे. मी इथं तुम्हाला जे सांगतोय ते थोडं शाळेतल्यासारखं वाटंल पण जरा दमाने वाचा, कारण ह्यातच सगळं आहे.

आईच्या पोटात गर्भ राहिल्यावर साधारण अठराव्या दिवशी त्या इवल्याशा गर्भाच्या पाठीवर पेशींची एक चपटी पट्टी तयार होते. मेंदू आणि मज्जारज्जू ह्या पट्टीतून बनायचा असतो. मग त्या पट्टीत मधोमध सरी पडते. अक्षरशः सरी, आपण ऊस लावायला पाडतो तशी, आणि दोन्ही बाजूचे वरंबे वर वर येत जातात, एकमेकांकडं झुकतात आणि बाविसाव्या दिवसाच्या आसपास एकमेकाला चिकटायला लागतात. सरीची नळी होते. हीच न्यूरल ट्यूब. वरचं तोंड पंचविसाव्या दिवसाच्या आसपास बंद होतं, खालचं सत्तावीस-अठ्ठावीसाव्या दिवशी. वरचं उघडं राहिलं तर कवटी आणि मेंदूच नीट बनत नाही, ते लेकरू जगत नाही. खालचं उघडं राहिलं तर माझ्या भाचीसारखं होतं. गर्भ तेव्हा किती मोठा, तर ज्वारीच्या दाण्याएवढा.

आता हिशोब करा. अठ्ठावीस दिवस म्हणजे बाईची पाळी चुकून फार तर दोन आठवडे झालेले असतात. आपल्याकडं दोन आठवड्याला कोण लक्ष देतंय, नव्या नवरीला तर पाळी पुढंमागं झाली तरी सासूला सांगायची लाज वाटते, आणि कळलं तरी तीन महिने होईस्तोवर कुणाला सांगायचं नाही अशी आपली रीत. म्हणजे आशाताईला कळतं, नाव नोंदवलं जातं, कार्ड मिळतं, तोवर नळी बंद झालेली असते किंवा उघडी राहिलेली असते. सोनोग्राफीत ती उघडी दिसू शकते, पण गोळी देऊन मागे जाऊन ती बंद करता येत नाही.

आणि म्हणूनच हाडाच्या मगजातल्या पेशींनी चार वर्षांच्या पोरीचा मज्जारज्जू नवा होत नाही. हाडाच्या मगजातल्या मूळ पेशींचं काम रक्त बनवणं आहे. थॅलेसेमिया, ब्लड कॅन्सर ह्यात त्या दुसऱ्याच्या घेऊन भरतात, ती खरी ट्रीटमेंट आहे, तिने लेकरं वाचतात. पण रक्ताचं बी पाठीत पेरून नस उगवंल असं कुठंच सिद्ध झालेलं नाही. आयसीएमआर (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद) आणि केंद्राचा जैवतंत्रज्ञान विभाग यांनी 2017 ला जे राष्ट्रीय नियम काढले त्यात हेच सांगितलंय की रक्ताच्या ठरावीक आजारांसाठीचं स्टेम सेल प्रत्यारोपण सोडलं तर बाकी कुठल्याही आजारात स्टेम सेल म्हणजे फक्त संशोधन, मंजुरी घेतलेल्या ट्रायलमध्येच, म्हणजे माणसांवरच्या रीतसर चाचणीतच, वापरायचं, ट्रीटमेंट म्हणून विकायचं नाही. ऑटिझमबद्दल तर डॉक्टरांच्या पेशावर देखरेख करणाऱ्या नॅशनल मेडिकल कमिशनने डिसेंबर 2022 मध्ये वेगळं सांगितलं की ही थेरपी देणं आणि तिची जाहिरात करणं हे डॉक्टरच्या पेशाला धरून नाही. हे मला चार लाख गेल्यावर कळलं.

स्टेम सेल संशोधन वाईट आहे असं मी म्हणत नाही, उलट मला त्याचं लै अप्रूप आहे. जपानच्या शिन्या यामानाका यांनी 2006 ला उंदराच्या आणि 2007 ला माणसाच्या कातडीच्या पेशी घेऊन त्यांना परत गर्भातल्या पेशीसारखं करून दाखवलं, 2012 चं नोबेल त्यांना मिळालं. 2013 मध्ये व्हिएन्नाच्या प्रयोगशाळेत अशाच पेशींपासून वाटाण्यापेक्षा लहान, मेंदूच्या सुरुवातीच्या भागांसारखी दिसणारी गोळी वाढवली. ह्याचं महत्त्व कळायला एक गोष्ट माहीत पाहिजे. भारतासह बऱ्याच देशांचा नियम आहे की प्रयोगशाळेत माणसाचा गर्भ चौदा दिवसांच्या पुढं वाढवायचा नाही, आणि ही सरी पडते अठराव्या दिवसानंतर. मग ती नळी माणसात कशी बनते, कुठल्या चुकीने उघडी राहते, हे बघायचं कसं? तर स्टेम सेलपासून काचेच्या बशीत नळीचं छोटं रूप तयार करून. आईच्या पोटातल्या अंधारातले ते दिवस उजेडात बघायला मिळायलेत ते ह्याच पेशींमुळं. कॅलिफोर्नियात डेव्हिसच्या विद्यापीठात अजून एक ट्रायल चाललीय, बाळ पोटात असतानाच ऑपरेशन करून त्याच्या उघड्या मज्जारज्जूवर वारेच्या स्टेम सेलची पट्टी लावतात, त्यातलं पहिलं बाळ 2021 ला जन्मलं. जन्माच्या आधी, सगळ्या मंजुऱ्या घेऊन, एकेक आई सावकाश तपासत. खरं संशोधन हे असं चालतं, ते समाजमंदिरात चहा-पोह्यावर पेशंट गोळा करत फिरत नाही.

तेव्हा तुमच्याकडं कुणी हॉल मागायला आलं तर एवढंच विचारा की तुमची ट्रायल सीटीआरआय मध्ये नोंदवलीय का, नंबर द्या. क्लिनिकल ट्रायल्स रजिस्ट्री ऑफ इंडिया, वेबसाईट फुकट आहे, तुमच्या ऑपरेटरला दोन मिनिटांत सापडंल. दुसरं विचारा की पैसे कोण देणार. संशोधन असंल तर ज्याच्यावर प्रयोग चाललाय त्या पेशंटकडून त्याचे पैसे घ्यायचे नसतात. "तपासणी मोफत, थेरपीचं नंतर बोलू" म्हणले की चावी देऊ नका. मी हात जोडून सांगतो, नका देऊ.

आता दुसरी गोष्ट, आणि खरं म्हणजे ह्याच्यासाठीच तुम्हाला लिहायला बसलो.

भाची झाली तेव्हा गावाने माझ्या बहिणीला काय काय म्हणलं. ग्रहणात भाजी चिरली, ग्रहणात बाहेर गेली, देवीचा नवस फेडला नाही. सासू वाईट नाही तिची, पण तीही वर्षभर बोलली नाही. बहीण सहा महिने कुणाच्या बारशाला गेली नाही, आपला पायगुण वाईट म्हणून. मी तिला आज सगळ्यांसमोर सांगतो, आक्का, तुझी चूक नव्हती. ग्रहणाचा आणि ह्या नळीचा काडीचा संबंध नाही. ह्याला अनेक कारणं एकत्र लागतात, थोडं आनुवंशिक असतं, आईला आधीपासून शुगर असंल तर धोका वाढतो, फिट्सच्या वॅल्प्रोएट नावाच्या गोळीने वाढतो (ती गोळी चालू असंल तर मनाने बंद करू नका, डॉक्टरला विचारून बदलून घ्या), आणि एक कारण असं आहे की जे आपल्या हातात आहे, फोलेट नावाचं जीवनसत्त्व कमी असणं. ती नळी बनताना पेशी भराभर वाढत असतात, प्रत्येक नव्या पेशीला डीएनएची नवी नक्कल लागते, आणि ती बनवायला फोलेट लागतं.

ह्या फोलेटची गोष्ट आपल्या मुंबईतूनच सुरू झाली हे मला माहीतच नव्हतं. लुसी विल्स नावाच्या इंग्लंडच्या डॉक्टर बाई 1928 ला मुंबईत आल्या, गिरणीत काम करणाऱ्या गरोदर बायकांना एक वेगळाच पंडुरोग व्हायचा, रक्त पार कमी व्हायचं, त्याचं कारण शोधायला. त्यांना सापडलं की यीस्टच्या अर्कात, मार्माईटमध्ये, असं काहीतरी आहे की जे दिल्यावर ह्या बायका बऱ्या होतात. ते काहीतरी म्हणजे पुढं फोलेट निघालं, त्याचंच गोळीतलं रूप म्हणजे फॉलिक अॅसिड. मग 1991 मध्ये इंग्लंडच्या मेडिकल रिसर्च कौन्सिलने सात देशांतल्या 33 केंद्रांवर 1817 बायकांचा अभ्यास छापला, ज्यांना आधी असं बाळ झालेलं होतं त्यांना गर्भ राहण्याच्या आधीपासून रोज 4 मिलिग्रॅम फॉलिक अॅसिड दिलं तर परत तसंच होण्याचं प्रमाण 72 टक्क्यांनी कमी झालं. फरक इतका स्पष्ट होता की अभ्यास मधेच थांबवला. पुढच्या वर्षी हंगेरीतल्या अभ्यासाने पहिलटकरणींतही फायदा दाखवला. अमेरिकेने 1998 पासून पिठात फॉलिक अॅसिड मिसळणं सक्तीचं केलं. सगळी लेकरं ह्याने वाचतात असं नाही, काही नळ्या गोळी घेऊनही उघड्या राहतात, पण बऱ्याच बंद होतात.

गोळी सरकारकडं आहे, हेच तर दुखणं आहे. मी शाळेत दर आठवड्याला पोरींना निळी गोळी देतो, लोह आणि 500 मायक्रोग्रॅम फॉलिक अॅसिड. गरोदर बाईला चौथ्या महिन्यापासून रोजची लाल गोळी. कागदावर शाळा सुटल्यापासून गरोदर होईस्तोवरच्या मधल्या बायकांसाठीही गोळी आहे आणि पहिल्या तीन महिन्यांत नुसतं फॉलिक अॅसिड द्यायचं असंही आहे. पण नवी नवरी बघा. शाळा सुटली म्हणजे निळी गोळी बंद. लग्न झालं की माहेरच्या यादीतून नाव गेलं, सासरच्या आशाताईच्या वहीत अजून आलं नाही. एप्रिल-मेमध्ये लगनसराई, दसरा-दिवाळीला नवरा-बायको मिळून एक कोयता म्हणून टोळीत, आणि पुढचे पाच-सहा महिने कधी सांगलीच्या फडात कधी कर्नाटकात. तिचे ते अठ्ठावीस दिवस नेमके ह्या मधल्या जागेत येतात, जिथं ती कुणाच्याच वहीत नाही. आणि अंगणवाडी, आशाताई, सिस्टर ह्यांनी तरी कुठं कुठं पुरायचं.

खाण्यातून भागंल का? हरभऱ्याचा घोळाणा, पालक, मूग, मटकी ह्यात फोलेट आहे, खावंच. पण घोळाणा थंडीतले दोन महिने, पालेभाजी शिजवून शिजवून त्यातलं बरंच जातं, आणि फडावर काय, भाकरी आणि मिरचीचा ठेचा. रेशनच्या फोर्टिफाईड, म्हणजे वरून जीवनसत्त्वं मिसळलेल्या, तांदळाचं बोलायचं तर त्याच्या नियमात किलोमागे 75 ते 125 मायक्रोग्रॅम फॉलिक अॅसिड आहे, आणि बाईला रोज लागतं 400 मायक्रोग्रॅम. रोज तीन ते पाच किलो तांदळाचा भात कोण खाणार, तेही आपल्याकडं जिथं पोट भाकरीने भरतं.

म्हणून सरपंच साहेब, सरपंच ताई, तुमच्याकडं एक अशी गोष्ट आहे जी डॉक्टरकडं नाही. गावात लग्न ठरलं की पहिली पत्रिका तुम्हाला येते. लग्नाची नोंद तुमच्या ग्रामपंचायतीत होते. टोळी कधी निघणार, कोणत्या मुकादमाबरोबर, हे तुम्हाला महिनाभर आधी माहीत असतं. आणि गाव आरोग्य, पाणीपुरवठा, पोषण आणि स्वच्छता समितीला वर्षाला दहा हजारापर्यंतचा अबंधित निधी येतो. पत्रिका आली की त्या घरच्या सुनेचं नाव आशाताईला कळवा, एवढंच. आहेराबरोबर ग्रामपंचायतीतर्फे फॉलिक अॅसिडच्या गोळ्यांचं पाकीट द्या, तीन महिन्यांचं, टोळीत जाणाऱ्या जोडप्याला सहा महिन्यांचं. गोळी महाग नाही, मंडपातल्या फटाक्यांच्या एका माळेत गावातल्या कितीतरी सुनांचं वर्ष निघंल.

डोस मात्र सिस्टरला किंवा डॉक्टरला विचारूनच द्यायचा. साधारण बाईला रोज 400 मायक्रोग्रॅम पुरतं. आपल्या मेडिकलवर जी 5 मिलिग्रॅमची गोळी सर्रास मिळते ती जास्त ताकदीची आहे, ज्या बाईला आधी असं बाळ झालंय, किंवा शुगर आहे, फिट्सच्या गोळ्या चालू आहेत, तिला डॉक्टर ती देतात. माझ्या बहिणीला दुसऱ्या वेळेला हीच दिली, गर्भ राहण्याच्या आधी तीन महिने. दुसरा भाचा धडधाकट आहे, गोळीमुळंच असं मी छातीठोक म्हणणार नाही, पण त्या तीन महिन्यांत रोज रात्री फडावरून फोन करून बहीण सांगायची, दादा घेतली बरं का.

सून अठराच्या आतली असंल तर गोळी नाही, ते लग्नच थांबवणं तुमचं काम आहे, पण त्यावर वेगळं लिहावं लागंल.

आणि गावात असं लेकरू जन्मलंच तर त्याच्या आईबापाला शिबिराचं पत्रक देऊ नका. फेब्रुवारी 2013 मध्ये आपल्याच पालघरहून सुरू झालेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाच्या यादीत जन्मतः असणाऱ्या दोषांत पहिलंच नाव न्यूरल ट्यूब डिफेक्टचं आहे, त्यांची टीम अंगणवाडी-शाळेत येते, जिल्ह्याच्या ठिकाणी अशा लेकरांवर लवकर उपचार करणारं अर्ली इंटरव्हेन्शन सेंटर आहे. गाठीचं ऑपरेशन पहिल्या दोन-तीन दिवसांत, डोक्याचा घेर मोजत राहणं, नळीने लघवी काढायचं वेळेवर शिकणं म्हणजे किडनी खराब होत नाही, फिजिओथेरपी, अपंगत्वाचं यूडीआयडी कार्ड, ह्याने लेकरू जगतं आणि शिकतं. शाळेत कडी लागणारा एक स्वच्छ संडास आणि चाकाच्या खुर्चीसाठी उतार, हे पण ग्रामपंचायतच करू शकते. माझ्या भाचीच्या शाळेत तो उतार व्हायला तीन वर्षं लागली, तोवर तिची आई तिला कडेवर आत न्यायची.

आमच्या गावात ह्या वर्षी अकरा लग्नं ठरलीत. सरपंचांनी समितीच्या मिटींगला हा विषय घ्यायचं कबूल केलंय, आशाताई यादी करायल्यात, पहिलं लग्न तुळशीच्या लग्नानंतर आठ दिवसांनी आहे. तुमच्याकडं 26 जानेवारीच्या ग्रामसभेला हा विषय घेणार असाल तर ठरावाचा मसुदा मी लिहून देतो, साधा अर्ध्या पानाचा आहे, आणि बोलवलं तर रविवारी येऊन फळ्यावर ती सरी आणि वरंबे काढून दाखवतो, मोटारसायकलने जिथवर जाता येईल तिथवर.

तुमचा,
एका भाचीचा मामा
ता. माजलगाव, जि. बीड